ब्रुस्केत्ता, अलकापुरी: टोमॅटो पास, पाव नापास

बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका कॅफेत ‘ब्रुशेटा क्लासिक’ नावानं जी प्लेट मिळते तिचं हे परीक्षण. मूळ पदार्थ इटालियन, ‘ब्रुस्केत्ता’: भाजलेल्या पावाच्या कापावर लसूण, ऑलिव्ह तेल आणि आता बहुधा टोमॅटो. चार तुकडे, २९० रुपये. चीज घालून ३६०. कॅफेचं नाव देत नाही, कारण इथे दिसलेल्या चुका रेसकोर्सपासून फतेहगंजपर्यंत दर दुसऱ्या कॅफेत थोड्याफार फरकानं भेटतात. त्या एकाच्याच माथी मारण्यात अर्थ नाही. निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी अडीच. हे अडीचही टोमॅटोनं मिळवलेत. पावाला शून्य, आणि तेलाला शून्याच्या खाली देता येत असतं तर तेही दिलं असतं.

कडक वाटेल, पण पिठलं झकास आणि भाकरी कच्ची अशा ताटाला कोणी ‘छान होतं, भाकरी तेवढी जरा’ म्हणून सोडत नाही. ब्रुस्केत्तामध्ये पाव आणि तेल हाच पदार्थ असतो. टोमॅटो त्यात बराच उशिरा आला.

आधी नाव. इटालियन माणूस ‘ब्रुस्केत्ता’ म्हणतो. bruschetta या स्पेलिंगमधल्या ‘sche’ चा उच्चार ‘स्के’ होतो, ‘शे’ नाही. मेनूवर सगळीकडे ‘ब्रुशेटा’ छापलेलं असतं आणि वेटरलाही तेच कळतं, तेव्हा ऑर्डर देताना त्याची शिकवणी घेण्याची गरज नाही. शब्द आलाय रोमच्या बोलीतल्या ‘ब्रुस्कारे’ या क्रियापदावरून. अर्थ, निखाऱ्यावर भाजणं. नावात भाजणं आहे, टोमॅटोचा पत्ताही नाही.

पदार्थ मध्य इटलीचा: लात्सिओ, उंब्रिया, आब्रुत्सो, तोस्काना. तिथे ऑक्टोबर सरता सरता ऑलिव्हची तोड सुरू होते आणि नोव्हेंबरभर घाणे चालतात. घाण्यावर विस्तव असतोच. त्यावर पावाचे जाड काप भाजायचे, लसूण घासायची आणि नुकतंच उतरलेलं, अजून गढूळ, हिरवंगार तेल त्यावर धरायचं. या वर्षी तेल कसं उतरलंय ते चाखायची ही रीत. म्हणजे पाव हा खरं तर तेलाचा चमचा. तोस्कानात याच प्रकाराला ‘फेत्तुंता’ म्हणतात, सरळ अर्थ ‘तेलात माखलेला काप’. पाव, लसूण, तेल, मीठ. पाचवी वस्तू नाही.

दुसरं कारण काटकसरीचं. तिकडचा गावठी पाव मोठा, किलो-दीड किलोचा, आणि आठवडाभर पुरवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो नुसता खाववत नाही, पण भाजला की परत जिवंत होतो. मराठी घरात फोडणीची पोळी, शेजारच्या गुजराती घरात वघारेली रोटली, त्याच घराण्यातली ही वस्तू.

टोमॅटोचं काय? तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात पोचला. इटलीत त्याची लेखी नोंद माट्टिओली या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञानं १५४४ मध्ये केली, पण लोकांच्या ताटात रुळायला त्याला फार वेळ लागला. टोमॅटोच्या पाककृती छापील रूपात दिसतात त्या थेट १६९० च्या दशकात, नेपल्समध्ये, अंतोनियो लातिनीच्या हातून. टोमॅटोवाली ब्रुस्केत्ता दक्षिणेकडच्या उन्हाळ्याची, आणि आज जगभर तीच ‘क्लासिक’ म्हणून खपते. हरकत काहीच नाही, चांगली केली तर ती फारच छान लागते. पण अमेरिकेत पुढे टोमॅटोच्या त्या मिश्रणाच्याच बरण्या ‘ब्रुशेटा’ नावानं विकल्या जाऊ लागल्या आणि पाव म्हणजे नुसतं ताट झालं. आपल्याकडे पदार्थ आला तो त्या वाटेनं. बडोद्याच्या कॅफेंची गडबड इथूनच सुरू होते.

आता प्लेट.

पहिली रविवारी दुपारी मागवली, कॅफे खचाखच भरलेला असताना. तुकडे फ्रेंच लोफचे, तिरपे कापलेले, जेमतेम एक सेंटीमीटर जाड. वर टोमॅटोचा ढीग. उचलताच तुकडा मधोमध वाकला. बूड ओलं, कडा चामड्यासारख्या चिवट. एक तर हातातच मोडला. दुसरी प्लेट मंगळवारी संध्याकाळी, मोजकी टेबलं भरलेली असताना. या वेळी उलटा प्रकार: पाव चहात बुडवायच्या टोस्टसारखा आरपार कडक. दात लावला की तडकतो आणि टोमॅटो शर्टावर.

दोष दोन दिसले तरी रोग एकच आहे. पाव आधी भाजून ठेवलेला. शिळा पाव कडक होतो तो नुसतं पाणी उडाल्यामुळे नाही. त्यातलं स्टार्च थंड होताना घट्ट रचना धरतं. साधारण साठ अंशांच्या वर तापवलं की ती रचना मोडते आणि पाव मऊ होतो. म्हणूनच शिळा पाव भाजल्यावर जिवंत होतो. पण थंड झाला की ते स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतं, आणि आता पाण्याचा अंशही कमी झालेला असतो, त्यामुळे दुसऱ्यांदा तो आधीपेक्षा वाईट होतो. भाजलेल्या पावाला चांगले दिवस असतात ते चार-पाच मिनिटांचे. त्या चार मिनिटांत त्यावर टोमॅटो पडून तो टेबलावर पोचला पाहिजे. रविवारी भरलेली प्लेट काउंटरवर वेटरची वाट पाहत राहिली असणार, म्हणून बूड भिजलं. मंगळवारी टोमॅटो आयत्या वेळी पडला, पण पाव सकाळचा होता.

खरं तर हे बडोद्यात कोणाला समजावून सांगावं लागू नये. सेव उसळवाला सेव आधी घालून प्लेटा रचून ठेवतो का? उसळ, तर्री, कांदा, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर सेव. तीच शिस्त इथे पाळायची आहे.

फ्रेंच लोफ ही निवडही चुकीची, पण समजण्यासारखी. तो सगळीकडे मिळतो आणि तिरपा कापला की फोटोत छान दिसतो. मात्र त्याचे काप लहान, साल जास्त, गर कमी. असे छोटे, पातळ, ओव्हनमध्ये कुरकुरीत केलेले तुकडे इटलीतही करतात, पण त्यांना ‘क्रोस्तिनी’ म्हणतात आणि त्यावर लिव्हरचं वाटण किंवा तसलं काही लावतात. ब्रुस्केत्ताचा काप तळहाताएवढा हवा, जाडी दीड सेंटीमीटर, साल जाड, गर चिवट आणि मध्यम जाळीचा. जाळी फार मोठी असेल तर तेल आणि टोमॅटोचं पाणी भोकांतून थेट मांडीवर. रोमजवळच्या जेन्झानो गावचा पाव यासाठी नावाजलेला. बाहेरून कोंड्यात घोळवलेला, साल जवळजवळ काळी. त्याला १९९७ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. तोस्कानाचा पाव तर बिनमिठाचा असतो, म्हणून तिथे वरून मीठ सढळ हातानं घालतात. आपला पाव खारट असतो, तेव्हा तिकडची कृती वाचून तेवढंच मीठ घातलं की पदार्थ खारट होणारच.

बडोद्यात आता घरगुती बेकिंग करणारे बरेच जण सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा किंचित आंबट पाव, करून विकतात. त्यातला साधा, बियाबिया न घातलेला घ्यावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. ताज्या पावात ओल जास्त असते. तो भाजताना आत वाफ धरतो आणि गच्च राहतो. सावरडो नसेल तर बेकरीतला न कापलेला, कमी गोड लोफ घेऊन घरी जाड कापावा. पावभाजीचा पाव आणि सँडविच ब्रेड यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांत साखर आणि स्निग्धांश असतो. साखरेमुळे बाहेरून लवकर लाल होतात, आत वाळतच नाहीत, आणि टोमॅटो पडला की लगदा.

भाजायला सगळ्यात चांगलं हत्यार प्रत्येक घरात लटकलेलं असतं: पापड भाजायची जाळी. गॅस मध्यम, जाळीवर काप, एका बाजूला दीड ते दोन मिनिटं, मग उलटायचा. कडांना एक-दोन काळे ठिपके पडले तर बिघडत नाही, उलट हवेत. बोटानं दाबल्यावर वरचा थर खरखरीत आणि आतून किंचित दबणारा असला की झालं. ज्योत मोठी ठेवली तर बाहेर जळतो आणि आत गारच राहतो. फार मंद ठेवली तर आतपर्यंत वाळून तोच चहाचा टोस्ट. बिडाचा तवा कडकडीत तापवूनही जमतं. ओटीजीत करायचं तर वरचा रॉड चालू, २२० अंश, चार-पाच मिनिटं, आणि समोरून हलायचं नाही. पॉप-अप टोस्टरच्या फटीत दीड सेंटीमीटरचा काप बहुधा जातच नाही.

भाजण्याआधी पावाला काहीही लावायचं नाही. या कॅफेत लोणी लावतात, आणि त्या लोण्यात लसूण-पेस्ट. प्लेट समोर आली तेव्हा पहिला वास आला तो गार्लिक ब्रेडचा. लोणी किंवा तेल आधी लावलं की पावाचा वरचा थर भाजला न जाता तळला जातो, गुळगुळीत होतो. लसूण घासायला तर खरखरीत पृष्ठभाग हवा. भाजलेला पाव म्हणजे किसणीच. सोललेली पाकळी आडवी कापायची आणि कापलेली बाजू गरम कापावर चार-पाच वेळा फिरवायची. पाकळी डोळ्यांदेखत झिजत जाते. लसणीचा तिखट वास तिच्या पेशी फुटल्यावरच तयार होतो. कच्ची लसूण जागेवर घासली तर तो ताजा असतो, लोण्यात मिसळून ओव्हनमध्ये घातली तर तो उडून नुसती गोडसर शिजकी चव उरते. सकाळी वाटून फ्रीजमध्ये ठेवलेल्या पेस्टचा तर उग्र दर्प येतो. गावठी लसणीची एक बारीक पाकळी दोन कापांना पुरते. मोठी पाकळीही दोन-तीन कापांनंतर बाजूला ठेवावी. त्याहून जास्त घासली तर तेलाची चव कळत नाही, आणि संध्याकाळी कोणाशी जवळून बोलायची सोय राहत नाही.

आता तेल. इथे जरा थांबावं लागेल, कारण २९० रुपयांतली खरी लबाडी इथेच आहे.

टेबलावर पारदर्शक काचेची बाटली, स्टीलची चोच, खिडकीतून थेट ऊन. बाटलीतलं तेल फिकट पिवळं. वास घेतला तर खवट. जुन्या खोबऱ्याचा किंवा डब्याच्या तळाशी राहिलेल्या शेंगदाण्यांचा येतो तसा. चवीला गुळगुळीत, बाकी काही नाही. ऑलिव्ह तेल खराब करायला तीन गोष्टी पुरतात: उजेड, उष्णता आणि हवा. त्या बाटलीला तिन्ही मिळत होत्या. एप्रिल-मेमध्ये बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा अशी बाटली खिडकीत ठेवणं म्हणजे तेल मुद्दाम बिघडवणं.

एक्स्ट्रा व्हर्जिन हा शब्द शोभेचा नाही. यांत्रिक पद्धतीनं काढलेलं, मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांपर्यंतच असलेलं, आणि चाखणाऱ्यांच्या पॅनेलला वास-चवीचा एकही दोष न सापडलेलं तेल, अशी त्याची व्याख्या आहे. शेजारच्या फळीवर स्वस्तात मिळणारं ‘पोमेस’ म्हणजे तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं, शुद्ध केलेलं, चवीपुरतं चांगलं तेल मिसळलेलं. ‘एक्स्ट्रा लाइट’ हेही रिफाइंडच. लाइट आहे ते चवीला, उष्मांक तेवढेच. तळायला, परतायला दोन्ही चालतात. कच्चं घालायला नाही, कारण ज्यासाठी घालायचं तेच त्यांत नसतं.

चांगलं तेल ओळखायची घरगुती रीत सोपी आहे. वाटीत चमचाभर घ्या, वर तळहात झाका, दोन मिनिटं हाताच्या उबेनं गरम करा, वास घ्या. कापलेलं गवत, कच्चा टोमॅटो, हिरवी पानं असं काहीतरी ताजं यायला हवं. मग थोडं तोंडात घेऊन गिळा. जीभ किंचित कडवट होते आणि क्षणभरानं घशाला मिरीसारखा ठसका लागतो. तो ओलिओकँथाल नावाच्या द्रव्याचा, आणि ही ताज्या तेलाची खूण आहे. अनेक जण त्या ठसक्यालाच दोष समजून बाटली परत करतात. रंगावर मात्र जाऊ नका. चाखणारे तज्ज्ञ निळ्या काचेचे पेले वापरतात ते रंग दिसू नये म्हणूनच.

घेताना गडद बाटली किंवा पत्र्याचा डबा, त्यावर तोडणीचा हंगाम लिहिलेला असेल तर उत्तम. पाव लिटरचीच घ्यावी आणि उघडल्यावर दोन महिन्यांत संपवावी, गॅसपासून लांब, बंद कपाटात ठेवून. एका कापाला दोन छोटे चमचे, म्हणजे आठ-दहा मिली लागतं. चार कापांच्या प्लेटला तीस-चाळीस मिली. टोमॅटो, पाव, लसूण यांचा खर्च त्यापुढे किरकोळ. कॅफेला वाचवायचं असतं ते इथेच, म्हणून तेल थेंब-थेंब पडतं आणि जागा भरायला बाल्सामिक ग्लेझच्या नक्षीदार रेघा येतात.

ती ग्लेझ हवीच कशाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. इटलीतल्या मोदेना शहराचं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर किमान बारा वर्षं लाकडी पिंपांत मुरवतात, आणि ते थेंबांनी मोजून वापरायचं असतं. बाटलीतून दाबून निघणारी काळी चिकट रेघ म्हणजे बहुधा व्हिनेगर, साखर आणि दाटपणासाठी स्टार्च. चिंच-गुळाच्या चटणीवर वाढलेल्या जिभांना ती आवडते हे खरं. पण टोमॅटो चांगला असेल तर ती नको, आणि वाईट असेल तर तिनं सुधारत नाही.

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घालून करावं का, असंही लोक विचारतात. करावं की. भाजलेल्या पावावर लसूण, सिंगतेल, मीठ, वर चिमूटभर तिखट, हे झक्कास लागतं. फक्त त्याला ब्रुस्केत्ता म्हणू नये.

टोमॅटोच्या बाबतीत मात्र या स्वयंपाकघरात कोणीतरी जाणकार आहे. फोडी एकसारख्या, साधारण पाऊण सेंटीमीटरच्या, धारदार सुरीनं कापलेल्या, चेचलेल्या नाहीत. मीठ नेमकं. साखर नाही, ओरेगॅनोचा मारा नाही, कांदा नाही. बेसिल खरं आणि आयत्या वेळी तोडलेलं. बडोद्यात एवढं एका प्लेटमध्ये सहसा जुळत नाही, म्हणूनच ते अडीच गुण. उणीव एकच: मिश्रण फ्रीजमधून थेट आलेलं, दातांना गार लागणारं. टोमॅटो बारा अंशांच्या खाली ठेवला की त्याचा सुगंध मरतो, आणि गार ढीग गरम पावावर पडला की पावही लगेच थंड. निम्मी गंमत गरम-गारमधल्या फरकाची असते हे खरं, पण तो फरक भाजलेला पाव आणि स्वयंपाकघरातल्या तपमानाचा टोमॅटो यांच्यातला.

घरी करताना चार मोठ्या कापांना तीनशे ग्रॅम टोमॅटो घ्या. थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, खंडेराव मार्केटमध्ये पूर्ण लाल, देठाजवळ वास येणारे मिळतात. तेव्हाच हा पदार्थ करण्यात मजा. लांबट, जाड सालीचे संकरित टोमॅटो प्रवासात टिकावेत म्हणून असतात, त्यांची साल सोलाण्यानं काढून टाकलेली बरी. गावठी चपटा टोमॅटो चवीला सरस पण पाणी फार. दोन्ही अर्धे-अर्धे घेतले तर छान जमतं. कापून अर्धा छोटा चमचा मीठ लावा आणि चाळणीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा. टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणी असतं आणि मीठ ते बाहेर ओढतं. हे पाणी चाळणीत निघालं नाही तर पावावर निघणार. पण बियांभोवतीचा बुळबुळीत गर खरवडून टाकू नका, बरीचशी चव त्यातच असते. खाली वाटीत जे पाणी साठेल त्यातला चमचाभर तेलात फेटून मिश्रणात परत घाला, उरलेलं पिऊन टाका. मग दोन मोठे चमचे तेल, सहा-आठ बेसिलची पानं हातानं तोडून. आणि हे सगळं पाव जाळीवर ठेवण्याआधी तयार हवं. टोमॅटो थांबू शकतो, पाव नाही.

बेसिलऐवजी अंगणातली तुळस घालू नये. दोन्ही एकाच कुळातल्या, पण आपल्या तुळशीत लवंगेसारखा उग्रपणा असतो. तो टोमॅटोवर स्वार होतो. गंमत अशी की फालुद्यात जो सब्जा घालतो, ज्याला इथे गुजरातीत तकमरिया म्हणतात, तो बेसिलच्याच जातीच्या झाडाचं बी. कुंडीत पेरला की पंधरा-वीस दिवसांत कोवळी पानं येतात. इटालियन बेसिलइतकी गोड नाहीत, थोडी बडीशेपेच्या वळणाची, पण बाजारातल्या काळवंडलेल्या जुडीपेक्षा कितीतरी बरी. पानं सुरीनं बारीक चिरली की कडा काळ्या पडतात, म्हणून तोडायची, आणि तीही शेवटी.

चीजवाल्या प्लेटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सत्तर रुपये जास्त देऊन वर वितळलेल्या मोझरेलाची चादर मिळते. तिच्याखाली पाव भिजलाय की कडक झालाय ते कळत नाही, हा तिचा एकमेव उपयोग.

ऑर्डर घेताना वेटर ‘जैन करी आपूं?’ (जैन करून देऊ?) असं आपणहून विचारतो, हे चांगलं. जैन प्लेट म्हणजे तीच, फक्त लसूण-लोण्याऐवजी साधं लोणी. इथे कॅफेची एक संधी हुकते. लसूण नसलेल्या कापाला तेलच तारतं, आणि तेल चांगलं असेल तर लसणीची आठवण होत नाही. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असलेल्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांनाही हीच युक्ती: कोरडा भाजलेला काप, भरपूर तेल, खलबत्त्यात भरड कुटलेलं खडे मीठ, वर मिरी. टोमॅटो घालायचाच तर पिकलेला अर्धा कापून कापावर घासायचा, साल हातात उरेपर्यंत. स्पेनमध्ये कॅटलोनियात अशाच धर्तीचा पाव रोज खातात. पाणी सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

तरी या कॅफेत जायचं असेल तर एक मार्ग आहे आणि तो तिसऱ्या खेपेला कामी आला. मेनूतली प्लेट मागवायची नाही. म्हणायचं, “पाव आत्ता भाजा, बटर न लावता, जरा जाड कापून. लसणीची एक पाकळी तशीच द्या. टोमॅटो वाटीत वेगळा, थोडा आधी बाहेर काढून ठेवा. आणि तेल टेबलावरच्या बाटलीतलं नको, आतून नवीन बाटलीतलं द्या.” पहिल्यांदा सांगितल्यावर वेटर आत जाऊन आला, मग स्वयंपाकघरातला मुलगा स्वतः बाहेर आला. नीट ऐकून घेतलं, कपाळाला आठी न घालता. सात मिनिटांत चार काप आले, कडांना काळे, हाताला चटका बसेल इतके गरम. लसूण घासताना पाकळीचा चर्रर्र आवाज ऐकू येत होता. आतल्या बाटलीतलं तेल अव्वल नव्हतं, पण खवट नव्हतं, आणि घशाला थोडा ठसकाही लागला. पैसे तेवढेच लावले, २९०. ही प्लेट पाचपैकी चारची होती.

रविवारी दुपारी मात्र हे सांगायला जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सातच्या आत, स्वयंपाकघराला उसंत असताना जा. आणि जून ते सप्टेंबर टोमॅटोची वाटी नकोच म्हणून सांगा; पावसाळी टोमॅटो पाणचट असतो, त्याऐवजी दोन काप जास्त भाजून मागा.